उंबऱ्यातला भेक, मोरीतला नाग

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. अपघात विभागात एका चाळिशीच्या बाईंना त्यांच्या नवऱ्याने आणि मुलाने उचलून आणले. जेवणानंतर भांडी घेऊन त्या अंगणातल्या मोरीकडे गेल्या होत्या. उजव्या पायाला काहीतरी डसले. पाऊण तासात पापण्या जड झाल्या, बोलणे जिभेवर अडखळू लागले. आम्ही सलाइन लावले, सर्पविषावरची प्रतिलस सुरू केली, श्वासावर नजर ठेवली. पहाटेपर्यंत त्यांनी डोळे नीट उघडले.

त्यांच्या मुलाने युरियाच्या रिकाम्या गोणीत मारलेला नाग आणला होता. "साहेब, ह्योच चावला मायला. मारताना ह्याच्या तोंडातून बेडूक पडला, हे बघा." त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मोरीच्या दगडाजवळ खडबडीत पाठीचा, मातकट रंगाचा एक मोठा भेक पडलेला होता, लाळेने भिजलेला.

सकाळी बाईंचा नवरा मला म्हणाला, "साहेब, बेडकांच्या वासानं साप आला. आज घरी गेलो की मीठ टाकून सगळे बेडूक मारतो." त्याच्या बोलण्यात अर्धे खरे होते. नाग भेकांच्या मागावर आला असावा, हे त्याने बरोबर ओळखले होते. पण भेक मारले की साप थांबतील, हा निष्कर्ष चुकीचा होता. तीस वर्षे सरकारी दवाखान्यात सर्पदंशाचे रुग्ण पाहिल्यावर मला वाटते की या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आपण गावागावांत बोलायला हवे.

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. आपण सगळ्यांनाच बेडूक म्हणतो, पण पाठ्यपुस्तकात दोन नावे आहेत. गुळगुळीत कातडीचा, लांब उड्या मारणारा, पाण्याजवळ राहणारा तो बेडूक. कोरड्या, चामखिळीसारख्या गाठींच्या कातडीचा, आखूड पायांचा, बुटक्या उड्या मारणारा तो भेक. भेकाला पाणी मुख्यतः अंडी घालण्यापुरते लागते. एरवी तो रांजणाच्या बुडाशी, मोरीच्या दगडाखाली, सरपणाच्या ढिगात दिवस काढतो. त्यामुळे पावसाच्या छायेतल्या आपल्या बीड जिल्ह्यात घराजवळ नेहमी दिसतो तो बहुधा भेकच. माझ्या लहानपणी दुष्काळात पोरे लिंबाचा पाला गुंडाळून दारोदार धोंडी मागत. मुसळाला बांधायला बेडूक शोधावा लागे. ओढे, विहिरी आटलेल्या असत, मग कुणाच्या तरी मोरीतला भेकच हाती लागे. पाऊस मागायला आपण ज्याला मिरवले, त्यालाच पाऊस पडल्यावर मीठ टाकून मारतो.

भेक हा पक्का शिकारी आहे. अंधार पडला की तो बाहेर येतो आणि एका जागी बसून राहतो. समोरची वस्तू हलली तरच ती त्याला भक्ष्य म्हणून कळते. मेलेला किडा नाकासमोर ठेवला तरी तो सहसा ढुंकून पाहत नाही. मुंगी चालली की मात्र क्षणात त्याची चिकट जीभ बाहेर येते आणि आत जाते. गिळताना तो डोळे मिटतो. त्याचे डोळे खोबणीतून खाली सरकतात आणि घास घशाकडे ढकलायला मदत करतात. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, अळ्या, झुरळे हे त्याचे रोजचे खाणे. दारची चौकट पोखरणारी वाळवी तो कोणतीही फवारणी न करता कमी करतो.

मोठा भेक तोंडात मावेल त्यावर जीभ टाकतो, अगदी सापावरही. आपल्याकडे मोरीतून कधीकधी गांडुळासारखा दिसणारा वाळा नावाचा बिनविषारी साप निघतो. पूर्व तिमोरमध्ये शास्त्रज्ञांनी एक विलक्षण प्रसंग नोंदवला आहे. आपल्याच जातीच्या भेकाने वाळा गिळला होता आणि तो त्याच्या आतड्यातून प्रवास करून दुसऱ्या टोकाने जिवंत बाहेर आला. कोण कोणाला खातो, याचे उत्तर दिसते तितके सरळ नसते, ते असे.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त रस वाटला तो ब्राझीलमधल्या एका अभ्यासात. तिथे शहरांत विंचूदंश वाढले आहेत. साओ पावलोच्या बुटांटान संस्थेतल्या संशोधकांनी तिथल्या एका जातीच्या भेकांसमोर अतिशय विषारी पिवळे विंचू सोडले. भेकांनी ते गिळले. विंचवाचे विष टोचूनही त्या भेकांवर परिणाम झाला नाही. २०२० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. लाल विंचवाने महाराष्ट्रात किती जीव घेतले, हे जुन्या डॉक्टरांना आठवत असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे औषध वापरून तो मृत्युदर खाली आणला. दवाखान्यातले औषध हवेच. पण विंचू खाणारे जीव अंगणात आहेत, हेही आरोग्याचेच काम आहे, हा विचार आपल्याकडे अजून रुजलेला नाही.

आता दुसरी बाजू. भेक जन्मापासून कोणाचे तरी खाद्य असतो. पहिल्या पावसात डबक्यात जेलीच्या लांब माळांमध्ये मादी हजारो अंडी घालते. त्यांतून निघालेल्या पिल्लांना चतुराच्या अळ्या आणि पाणकिडे खातात. पाय फुटून बाहेर आलेले नखाएवढे भेक पक्ष्यांच्या तोंडी पडतात. हजारांतले मोजकेच मोठे होतात. त्या मोठ्यांची वाट दिवड, धामण आणि नाग पाहत असतात.

भेकाला पळता येत नाही. तो अंग फुगवतो, चारी पायांवर उंच होतो आणि गिळायला अवघड बनतो. त्याचे खरे शस्त्र डोळ्यांच्या मागे असते. तिथल्या दोन फुगीर ग्रंथींतून दुधासारखा विषारी द्रव निघतो. हृदयविकाराच्या काही रुग्णांना आम्ही डिजॉक्सिन नावाची गोळी देतो. भेकाचे विष याच गोळीच्या घराण्यातले आहे. पेशींतला सोडियम आणि पोटॅशियमचा जो पंप ही गोळी मोजून मापून मंद करते, तोच पंप भेकाचे विष बेहिशेबी बंद पाडते. मग उलट्या होतात, नाडी मंदावते, हृदयाचे ठोके बिघडतात. लाओसमध्ये भेक खाऊन माणसे दगावल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. शिजवल्याने हे विष जात नाही. म्हणून कोणी औषध म्हणून वा गंमत म्हणून भेक खायला सांगितला तर ऐकू नका. पोरांनी भेकाला हात लावला तर साबणाने हात धुवावेत, डोळे चोळू नयेत. हात लावल्याने चामखीळ येते, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. चामखीळ माणसांत पसरणाऱ्या विषाणूमुळे येते, भेकामुळे नाही.

मग इतका विषारी भेक नाग कसा पचवतो? लाखो वर्षे एकमेकांशेजारी राहिल्याने. आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक सापांच्या शरीरातल्या त्या पंपाची घडणच थोडी बदललेली आहे, त्यामुळे भेकाचे विष तिथे चिकटत नाही. जपानमधला एक साप तर भेक खाऊन त्याचे विष आपल्या मानेतल्या ग्रंथींत साठवतो आणि स्वतःच्या बचावासाठी वापरतो. शिकार आणि शिकारी यांचा हा जुना हिशेब आहे. त्यात कोणी एक कायमचा जिंकत नाही.

हा हिशेब माणसाने बिघडवला की काय होते, याचे उदाहरण ऊस पिकवणाऱ्यांनी ऐकण्यासारखे आहे. १९३५ साली ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये उसातले भुंगेरे खाण्यासाठी हवाईहून शंभरेक भेक आणले गेले. भुंगेरे काही आटोक्यात आले नाहीत. भेक मात्र आता कोट्यवधी झाले आहेत. तिथल्या सापांना, घोरपडींना आणि मांसाहारी लहान प्राण्यांना या विषाची ओळख नव्हती. भेक तोंडात धरला की ते मरत. आपल्या अंगणातला भेक ज्या जातीचा, ती जात आग्नेय आशियातून मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ पोहोचल्याचे २०१४ मध्ये लक्षात आले. तिथल्या प्राण्यांच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा ७७ प्रजातींपैकी एक वगळता कोणाकडेच या विषाला तोंड देणारी रचना आढळली नाही. म्हणजे एकच भेक बीडमध्ये अंगणाचा राखणदार आहे आणि मादागास्करमध्ये संकट. गुणदोष त्या प्राण्यात नसतात, तो ज्या साखळीत बसतो तिच्यात असतात.

साखळीतून हा दुवा काढून घेतला तर काय होते, तेही जगाने पाहिले आहे. मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका आणि पनामा या देशांत एका बुरशीजन्य रोगाने बेडूकवर्गातले प्राणी मोठ्या संख्येने नष्ट झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, त्यानंतर त्या भागांत मलेरियाचे रुग्ण वाढले आणि काही वर्षे ते प्रमाण चढेच राहिले. आपल्या देशानेही हा धडा एकदा गिरवला आहे. परदेशी ताटांसाठी बेडकांचे पाय पाठवण्याचा मोठा धंदा इथे चालत असे. शेतातले कीटक खाणारा हा प्राणी संपत चालल्याची ओरड झाली आणि १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली.

आता पुन्हा त्या मोरीकडे येऊ. बाईंच्या नवऱ्याला मी विचारले, "दादा, अंगणात दिवा कुठं आहे?" तो म्हणाला, "दाराच्या वरच, पांढरा बल्ब. रात्रभर चालू असतो." मी पुढे विचारले, "मोरीचं पाणी?" "तिथंच साचतं." "कडबा?" "भिंतीला लागून गंजी." साखळी त्याच्याच उत्तरांतून उभी राहिली. पांढऱ्या दिव्यावर किडे येतात. किड्यांसाठी भेक येतात. मोरीचा ओलावा त्यांना धरून ठेवतो. कडब्यात आणि धान्याच्या पोत्यांत उंदीर राहतात. भेक आणि उंदीर या दोन्हींसाठी नाग येतो. आणि त्या दिव्याच्या पलीकडच्या अंधारात अनवाणी पाय पडतो. या साखळीत भेक मधला दुवा आहे. तो मारला तरी दिवा राहतो, किडे राहतात, उंदीर राहतात, म्हणून नागही येत राहतो. वर वाळवी आणि झुरळे वाढतात ती वेगळीच.

साखळी तोडायची तर ती आपल्या टोकाकडून तोडावी लागते. दिवा दाराच्या अगदी वर न लावता थोड्या अंतरावर लावून त्याचा झोत दाराकडे करावा. पांढऱ्याऐवजी पिवळ्या प्रकाशाचा दिवा घ्यावा, त्यावर किडे कमी येतात. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. कडबा, सरपण, गोवऱ्या आणि दगडांचे ढीग भिंतीपासून दूर ठेवावेत. दाराखालची फट बंद करावी. रात्री बाहेर पडताना पायात बूट आणि हातात बॅटरी असावी. जमिनीवर झोपू नये. बाज आणि चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, ही मण्यारीपासून वाचण्याची सर्वांत स्वस्त सोय आहे. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात आणि घरचे अपचन समजून ओवा देतात.

यातले काहीच अवघड नाही, तरी ते होत नाही. याचा दोष मी फक्त गावकऱ्यांना देणार नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले. ही पावले योग्य आहेत. प्रतिलस जवळच्या आरोग्य केंद्रात असलीच पाहिजे, तिथे ती देणारा डॉक्टरही असला पाहिजे.

पण माझा अनुभव सांगतो की, कुप्या मोजून हे काम पुरे होणार नाही. दंश होतो तो अंगणात, मोरीत, शेतात आणि ऊसतोड मजुरांच्या कोपीत. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन कारखान्यांच्या परिसरात जातात. उसाच्या पाचटाची कोपी, खाली जमीन, बाजूला ओले रान. मुले त्याच जमिनीवर झोपतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कोपीतून सुट्टीवर गावी आलेला दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आणला होता. पहाटे दंश झाला होता. आधी त्याला देवळात नेले, मग एका जाणत्याकडे. आमच्याकडे पोहोचला तेव्हा दहा वाजले होते. त्याची छाती हलत नव्हती. त्याच्या आजीच्या कमरेला बांधलेल्या बटव्यात देवळातला अंगारा होता.

शेतकरी कुटुंबातील माणूस सर्पदंशाने गेला, तर राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्या घराला त्याचा आधार होतो, हे मी पाहिले आहे. माझे म्हणणे इतकेच की, मृत्यूनंतर दोन लाख देणाऱ्या व्यवस्थेने मृत्यूपूर्वी दोन-चार हजार खर्चावेत. त्यात एक बाज, एक मच्छरदाणी आणि एक बॅटरी येते. घरकुलाचा आराखडा मंजूर करताना दाराखालची फट, मोरीचा शोषखड्डा आणि दिव्याची जागा पाहावी. कारखान्यांनी उचल देताना प्रत्येक कोपीमागे बाज आणि दिवा द्यावा. आशाताई घरोघरी जातातच. त्यांच्या प्रश्नांत एक प्रश्न वाढवावा: तुमच्या अंगणात रात्री दिवा कुठे लागतो?

दंश झालाच तर काय करायचे, तेही पुन्हा सांगतो. माणसाला शांत आडवे ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. दोरी आवळू नका, चिरा मारू नका, तोंडाने विष ओढू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने थेट दवाखान्यात या. साप मारून आणायची गरज नाही. मेलेल्या सापाचे तोंडही काही वेळ चावू शकते. आम्ही उपचार लक्षणे पाहून करतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर प्रतिलस एकच आहे.

त्या बाई दहा दिवसांनी जखमेची पट्टी बदलायला आल्या. नवरा सोबत होता. मी विचारले, "मीठ टाकलं का?" तो थोडा ओशाळून हसला. "नाही साहेब. दिवा खांबावर नेला. मोरीला खड्डा घेतला. कडबा गोठ्यामागं टाकला." बाईच पुढे म्हणाल्या, "भेक हाय अजून रांजणाखाली. राहू दे म्हणलं. खातंय मुंग्या."

मी मान डोलावली आणि पट्टी सोडायला घेतली. जखम भरत आली होती.